मी जाऊन राहिली

अकोल्याच्या जठारपेठेत खुशालरावांची पिठाची चक्की आहे आणि तिच्या डोक्यावर माझा स्टुडिओ. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या, एक कॉम्प्युटर, एक चांगला माइक, आणि एक कूलर जो रेकॉर्डिंग चालू असताना बंद ठेवावा लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात माझ्याकडचे सगळे गायक एकाच भावनेनं गातात: लवकर संपू दे रे बाबा.

संगीत मी कुणाकडे शिकलो नाही. शिकवणारे होते, पण ते आधी हार्मोनियमवर कोण बसणार हे आडनावावरून ठरवायचे. म्हणून मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलो. सहा वर्षांत काय दिवे लावले तेही सांगतो. नगरसेवकांच्या वाढदिवसांची गाणी. गणपती मंडळांचे डीजे. एकदा तर दोन पक्षांना एकाच चालीवर प्रचारगीत दिलं, दोघांनाही कळलं नाही आणि दोघंही पडले.

मार्चमधल्या एका दुपारी चंदाताई जिना चढून आली. भातकुलीची. तिथं तिचं ब्युटी पार्लर आहे. लग्नसराईत नवऱ्या सजवते, आणि हळदीच्या दिवशी बायकांच्या घोळक्यात तिच्याशिवाय गाणं सुरू होत नाही. वय चाळिशीच्या अलीकडे. हातात मेकअपची पत्र्याची पेटी, ती तिनं माझ्या कीबोर्डावरच ठेवली.

"भातकुलीहून जवळची अमरावती सोडून इथं आल्या?" मी विचारलं. "अमरावतीतले स्टुडिओ बंद पडले काय?"

"चालू आहेत नं. पण मले बाळापूरच्या जवळचा पायजे होता."

"काहून?"

"बाळापूरले आइकू गेलं पायजे."

मला वाटलं बाई सरकलेली आहे. मग तिनं मोबाइल काढला आणि स्वतःच्या आवाजात भरलेलं गाणं लावलं. ना ताल, ना पेटी. मागं कुणाचा तरी हेअर ड्रायर चालू.

घे तुही किल्ली, घे तुहं कुलूप,
मी जाऊन राहिली.
गॅसवर दूध हाय, उतू जाईन,
मी जाऊन राहिली.
मले काय समजते, तुलेच समजते,
समजलं तं सांग, मी जाऊन राहिली.

हेअर ड्रायर बंद झाला, गाणं संपलं. मी कूलर बंद केला. माझ्याकडून एखाद्या गाण्याला मिळणारा तो सगळ्यात मोठा मान.

"कोणी लिवलं?"

"लिवलं कायचं. मी बोलली होती. अकरा वर्षं झाले."

तिचं सासर बाळापूर. नवरा कुलदीप. दारू नाही, मारझोड नाही. तिच्या प्रत्येक बोलण्यावर फक्त एकच उत्तर: तुले काय समजते. भाजीत मीठ किती टाकायचं, तुले काय समजते. बँकेत फॉर्म कोणता भरायचा, तुले काय समजते. सहा वर्षं हेच. एके दिवशी चारच्या सुमाराला तिनं बॅग भरली, दारात उभी राहिली, किल्ली फळीवर ठेवली, दुधाचं सांगितलं आणि स्टँडवर चालत गेली. कुलदीप पलंगावर मॅच पाहत होता. सासू मैनाबाई गहू निवडत होती. आठ दिवसांत कुलदीपनं गावभर सांगितलं, मीनंच हाकललं तिले. आणि गाव ते धरून बसलं. गावाला बाई हाकलून दिलेली चालते. उठून गेलेली पचत नाही.

"भातकुलीतबी तेच म्हणते लोक," चंदाताई म्हणाली. "बिचारी, हाकललेली. अकरा वर्षं झाले बिचारी आहो मी. मले कटाळा आला बिचारीचा. मी माह्या पायानं निंगाली, एवढंच गाण्यात आलं पायजे. बाकी तुले जे करायचं ते कर."

बाकी तुले जे करायचं ते कर. हे वाक्य ऐकून मी जन्मात कधी एवढा फसलो नव्हतो.

सवयीप्रमाणे मी डीजेचा ताल लावला. मिनिटाला एकशे अठ्ठावीस ठोक्यांची चाल, खाली बेस, वर ढोल. चंदाताईनं चार ओळी ऐकल्या.

"वरात कोणाची आहे?"

"ताई, लोक नाचतीन."

"मी नाचत नवती गेली."

मग हळू केलं. सत्तर. गिटार टाकली. ती म्हणाली, आता मी परत येऊन राहिली असं वाटते. अर्धा दिवस हेच. शेवटी वैतागून मी खुर्ची भिंतीला लावली आणि म्हटलं, "चाला."

"कुठं?"

"इथंच. त्या दिवशी दारातून स्टँडवर गेल्या तशा चाला. गादीपासून दारापर्यंत."

तिला हसू आलं, पण चालली. दोन फेऱ्या मारल्या आणि थांबली. "असं नाई. हातात बॅग होती." तिनं मेकअपची पेटी उजव्या हातात घेतली आणि पुन्हा निघाली. आणि आता ऐकू आलं. जड हाताच्या बाजूचा पाय धप्प पडायचा आणि दुसरा नुसता टेकायचा. धप्प, तक. धप्प, तक. मी मोजलं. शहाण्णव. थकलेल्या बाईची चाल नाही, पळणाऱ्या बाईचीही नाही. बस चुकायला नको एवढीच घाई.

तोच ताल झाला. धप्पसाठी खाली जाऊन खुशालरावांच्या गव्हाच्या पोत्यावर तळहात मारला, मोबाइलनं भरला. तक म्हणजे मेकअपच्या पेटीचा खटका. ढोलक, तबला, घुंगरू, सगळं काढून टाकलं. ही हिंमत मी नगरसेवकाच्या गाण्यात केली असती तर वाढदिवशी माझाच केक कापला असता.

दुसरं भांडण सुराचं. खुशालरावांची चक्की दिवसभर घुंऽऽ करत असते. सहा वर्षं मी त्यांना विनवतोय की रेकॉर्डिंगपुरती दहा मिनिटं बंद करा. ते म्हणतात, "लोकायनं तुहं गाणं खाल्लं तं बंद करतो." चंदाताई गायली आणि मी नंतर चक्कीचा आवाज गाळून टाकला तर तिचा आवाज अधांतरी लटकायला लागला. परत आणला तर बसला. तेव्हा कळलं, बाई चक्कीच्याच सुरात गात होती. पायाखाली जो सूर मिळाला तो धरला आणि निघाली. मी तंबोऱ्याच्या जागी चक्की ठेवली. खुशालरावांना सांगितलं नाही. त्यांनी मानधन मागितलं असतं.

तिसरं भांडण दुधाचं.

"ताई, ही ओळ काढू काय? घर सोडणारी बाई दुधाचं कायले सांगीन? गाण्याचा जोर जाते."

"मी सांगतलं होतं."

"सांगतलं असन. पण गाण्यात—"

"गजूभाऊ, जिले हाकलते ते दुधाचं सांगते काय?"

खरं होतं. त्या अख्ख्या गाण्यात पुरावा म्हणावी अशी तेवढी एकच ओळ होती.

पण 'उतू जाईन' म्हटल्यावर ती दर वेळी थांबायची. चार मात्रा रिकाम्या. मला रिकामी जागा दिसली की हात खाजवतात. मी तिथं ढोलकीचा झकास तुकडा टाकला.

"हे काढ."

"ताई, भोक पडते तिथं!"

"भोकच आहे ते. मी उभी होती तिथं. वाटलं, एखांदं तं उठीन. गॅस बंद करीन, नाईतर निदान म्हणन, कुठं चालली. चार मोजेपर्यंत उभी होती मी." तिनं बोटांवर मोजून दाखवलं. "कोणी उठलं नाई. मंग गेली."

मी ढोलकी काढली. चक्कीही त्या चार मात्रांत तोडली. नुसती शांतता. हेडफोन लावून ऐकलं आणि स्टुडिओत पहिल्यांदा मला स्वतःच्या कामाचा अभिमान वाटला, जो फार काळ टिकणार नव्हता.

कारण मी माती खाल्ली. चाळीस सेकंदांचा तुकडा इंटरनेटवर टाकला आणि तो पुण्यात ईशानला सापडला.

ईशान मूळचा अमरावतीचा, अंबापेठेतल्या वकिलाच्या घरचा. बारा वर्षांचा असताना शिकायला मावशीकडं पुण्याला गेला आणि आता तिथं 'मातीगान' नावाची कंपनी चालवतो. पुण्याच्या लोकांना मातीचं फार वेड. त्यांच्याकडं सगळा मुरूम आहे, त्यामुळे असेल. आमची काळी माती पावसाळ्यात चपलेला धरली की सोडत नाही, हे त्यांना माहीत नाही. ईशाननं फोन केला, "गजेंद्र, हे रत्न आहे, हे आम्ही करतो, मोठा वादकसंच, व्हिडिओ, सगळं." चंदाताईला सांगितलं तर ती खुर्चीवरून उठली. "बाळापूरले दिसन नं?" एवढंच विचारलं तिनं.

मी तिचा आवाज पाठवून दिला. ईशाननं त्या आठवड्यात व्हॉट्सॲपवर लांबच लांब मेसेज पाठवले. मी एका नगरसेवकाच्या वाढदिवसात गळ्यापर्यंत बुडालेलो. त्याला गाण्यात 'वाघ' शब्द अकरा वेळा पाहिजे होता आणि माझ्याकडून नऊच बसत होते. ईशानचे मेसेज वाचायला वेळ कुणाला? प्रत्येकाखाली अंगठा टाकत गेलो. संगीतकाराचा अंगठा.

एप्रिलात ईशान अमरावतीला घरी आला आणि आम्हाला तयार गाणं ऐकायला राजापेठेत मित्राच्या स्टुडिओत बोलावलं. तिथं एसी होता. सोफा होता. चंदाताई नवं लुगडं... लुगडं नाही, साडीच, पण लुगड्यासारखी कडक इस्त्री करून आली होती. सोबत पेटी, कारण तिथून तिला एका साखरपुड्याला जायचं होतं. मातीगानच्या करारनाम्याचा कागद माझ्या बॅगेत. त्यावर तिची सही बाकी होती.

ईशाननं डोळे मिटले आणि बटण दाबलं.

सुरुवातीला वीस सेकंद पाऊस. मग बासरी. मग पियानोचे थेंब. मग चंदाताईचा आवाज, पण रबरासारखा ताणून इतका हळू केलेला की 'कुलूप' म्हणेपर्यंत चोरी होऊन गेली असती. मागं सात-आठ बायका 'आऽऽ' करून विव्हळत होत्या. आणि 'उतू जाईन'नंतर, त्या चार मात्रांच्या भोकात, सारंगी. अशी सारंगी, की कुणी भिंतीत तोंड खुपसून रडतंय.

गाणं संपलं. चंदाताईनं माझ्याकडं पाहिलं, मग ईशानकडं.

"कोण मेलं?"

ईशान समजूतदार हसला. "ताई, हीच तर त्याची ताकद आहे. सोसणारी स्त्री. ती सासरी गेली आणि आयुष्यभर तिथेच राहिली. मी जाऊन राहिले. केवढं दुःख आहे या तीन शब्दांत!"

"मी कुठं राहिली?"

"सासरी."

"सासरून तं मी जाऊन राहिली."

"हो, म्हणजे सासरी जाऊन राहिलात."

"सासरी नाई बाप्पा, सासरून! जाऊन राहिली!"

"मग राहिलात कुठे?"

"भातकुलीले राह्यते मी, पार्लरच्या मांगं! त्याचा काय संबंध?"

ईशान थोडा गोंधळला, पण वाहवत गेलेला माणूस लवकर काठाला लागत नाही. "बरं, ते सोडा. 'उतू जाईन'! ती बाई म्हणते, मी आतल्या आत तापतेय, एक दिवस मी उतू जाईन. ही ओळ ऐकून मला दोन दिवस झोप नव्हती, ताई."

"दूध," चंदाताई म्हणाली.

"हो, दूध हे तिच्या मातृत्वाचं प्रतीक—"

"प्रतीक नाई, म्हशीचं होतं. गॅसवर. थे उतू जाईन. दूध उतू जाईन! मी कायले उतू जाऊ?"

मी सोफ्यात जेवढा खाली जाता येईल तेवढा गेलो. कारण मला आता काहीतरी आठवायला लागलं होतं.

"अहो, मी अमरावतीचाच आहे," ईशान म्हणाला, आता जरा लागल्यासारखा. "रस्त्यावर लोक 'करून राहिलो, जाऊन राहिलो' म्हणतात, मला कळतं. आमच्या घरी तसं बोलायला बंदी होती, तरी कळतं. पण हे गाणं आहे. गाण्यात मला वाटलं, शब्द खोल असणार. आणि मी मनानं नाही केलं हे. गजेंद्रला विचारलं होतं."

त्यानं मोबाइल काढून तिच्यापुढं धरला. लांब मेसेज. त्यात स्पष्ट लिहिलेलं: 'जाऊन राहिली म्हणजे सासरी गेली आणि तिथेच राहिली, असाच अर्थ ना? त्यावरच पूर्ण संगीतरचना उभी करतोय. कृपया खात्री करून सांग.'

खाली माझा अंगठा. पिवळाधमक.

चंदाताईनं तो अंगठा पाहिला. मला वाटलं शिव्या देईल. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"काहून बे?" एवढंच म्हणाली.

उत्तर होतं, पण त्यात एक नगरसेवक आणि अकरा वाघ होते.

"कुलदीपबी असाच मॅच पाहून राहिला होता," ती म्हणाली. मग उजव्या हातात पेटी घेतली आणि दाराकडं वळली. "मी जाऊन राहिली."

धप्प, तक. धप्प, तक.

"अहो ताई, थांबा, कुठे चाललात?" ईशान उठून उभा राहिला, आणि उभ्या उभ्या त्याचं तोंड उघडंच राहिलं. पुढची चार पावलं जिन्यावर ऐकू आली. "म्हणजे... 'जाऊन राहिली' म्हणजे ती चालली आहे?"

"चालली नाही," मी म्हटलं. "गेली. जिना उतरली."

त्याला वाईट वाटलं. खोटं बोलणार नाही, माणूस वाईट नव्हता. पाणी प्यायला आणि दहा मिनिटांत तोडगाही काढला. वादकांचं काम झालंय, ते आता बदलता येणार नाही, पण निदान 'मी निघाले' असं गाऊन घेऊ. चाल थोडी वाढवू. सगळ्या महाराष्ट्राला कळेल. आणि संगीत संयोजनात माझं नाव त्याच्या बरोबरीनं, मोठ्या अक्षरात.

मोठ्या अक्षरात. सहा वर्षं माझं नाव मंडळाच्या बॅनरवर 'साउंड' या शब्दाखाली येत होतं, तेही कुणाच्या तरी चपलेच्या फोटोशेजारी. मी मनातल्या मनात गाऊन पाहिलं. मी निघाले. ठीक होतं. वजनात बसत होतं. पण 'उतू जाईन'नंतरच्या चार मात्रा आल्या आणि गाणं तिथं मेलं. 'निघाले' म्हटलं की बाई उंबऱ्याबाहेर. मग थांबायला, मोजायला काही उरतच नाही. 'जाऊन राहिली' म्हटलं की ती जातेय पण अजून दारात आहे, अजून कुणीतरी उठू शकतं, गॅस बंद करू शकतं, कुठं चालली म्हणू शकतं. ते भोक त्या शब्दातच होतं. मी ते केलं नव्हतं, मी फक्त त्यात ढोलकी कोंबायला निघालो होतो. ह्यानं सारंगी कोंबली.

"ईशानभाऊ," मी म्हटलं, "तुमी दुसरी बाई पाहा. जे राहिली अशी. लय भेटतीन." आणि करारनाम्याचा कागद बॅगेत तसाच घेऊन उतरलो. रस्त्यावर चंदाताई नव्हती. साखरपुड्याला गेली होती. तिची कामं माझ्यासारखी नसतात, वेळेवर असतात.

फोन तिनं उचलला नाही. आठ दिवसांनी मी भातकुलीला गेलो. पार्लरमध्ये एक तरुण बाई खुर्चीत मान मागं टाकून बसलेली आणि चंदाताई तोंडात दोरा धरून तिच्या भुवया कोरत होती. 'फक्त महिलांसाठी' अशी पाटी होती, म्हणून मी दारातच उभा राहून माफी मागितली. माणसानं आयुष्यात एकदा तरी अशी माफी मागून पाहावी. समोरची दोऱ्यामुळे बोलू शकत नाही आणि तिसरीच बाई "आई गं, आई गं" करत असते.

सगळं सांगितलं. अंगठा, वाघ, मोठी अक्षरं. कागद तिच्या टेबलावर ठेवला, सहीविना.

चंदाताईनं दोरा काढला. "झालं?"

"झालं."

"भोक आहे नं अजून? का बुजवलं?"

"आहे."

"मंग टाक ते आपलं गाणं. चक्कीवालं. अन् पुढच्या वेळी कोणी काही इचारलं तं वाचत जाय. तुले काय समजते असं मी म्हणणार नाई. पण म्हणासारकं केलं तुनं."

खुर्चीतली बाई तेवढ्यात उठून बसली. तिची एकच भुवई झाली होती. "ताई, हे गाणं लग्नात लावता येते काय?" तिनं विचारलं.

गाणं टाकलं. तुफान वगैरे काही झालं नाही. तुफान व्हायला बासरी लागते. पण मोबाइलावरून मोबाइलावर फिरलं. बाळापुरातून एकानं खाली लिहिलं, 'हिले तं हाकललं होतं, आता गाणे म्हणून राहिली.' त्याला सतरा जणांनी हसरी तोंडं दिली. चंदाताईनं मला फोन केला. "पोचलं बाळापूरले," म्हणाली. पण आवाजात दम नव्हता. गाणं पोचलं होतं, आणि गावानं त्यालाही हाकललेलंच ठरवलं होतं.

ती एका भुवईची बाई म्हणजे आचल. दुसरी भुवई नंतर झाली. ती भातकुलीला मामाकडं आलेली, घर मात्र बाळापूरचं, लग्न मेमध्ये, बाळापुरातच, मंगल कार्यालयात. तिनं चंदाताईला नवरी सजवायला बोलावलं आणि सांगितलं, निघताना मला हेच गाणं पाहिजे. घरच्यांनी डोकं धरलं. पाठवणीला असं गाणं लावतात काय! आचल म्हणाली, "रडकं लावलं तं मी मांडवातून हलणार नाई." चंदाताई म्हणाली, "बरं आहे. रडक्या गाण्यानं माही मेहनत वाहून जाते. काजळ मीच पुसते दर वेळी."

अकरा वर्षांनी ती बाळापुरात पाय ठेवणार होती. मला म्हणाली, "साउंडवर तू बसजो. हे डीजेवाले चार मात्रा रिकामे पाह्यले तं हॉर्न वाजवते."

दुपारी मी यंत्र लावून पाहत होतो. 'गॅसवर दूध हाय, उतू जाईन' एवढं वाजवून थांबवलं, तर मागच्या बाजूनं आचारी हातात झारा घेऊन धावत आला. "कोणतं दूध? चहाचं? बंद केला नं मी गॅस!" पुण्याला वादकसंच लावूनही जे कळलं नाही ते ह्याला एका ओळीत कळलं. मी त्याला मनातून मातीगानचा पहिला पुरस्कार दिला.

चारच्या सुमाराला नवरी निघाली. पहिल्या रांगेत कूलरसमोर गावातल्या म्हाताऱ्या बसलेल्या. त्यांत मैनाबाई, चंदाताईची सासू. मी ओळखत नव्हतो, पण चंदाताईचा हात आचलचा पदर टाचताना एकदाच थांबला, त्यावरून कळलं. कुलदीप नव्हता. तो म्हणे अकोल्याला गेला होता, त्याला त्याच दिवशी काम निघालं.

मी गाणं लावलं. धप्प, तक. धप्प, तक. म्हाताऱ्या एकमेकींकडं पाहायला लागल्या. सगळ्या कार्यालयाला माहीत होतं गाणं कुणाचं आहे, आणि बाई समोर उभी आहे. मागं कुणीतरी खिदळलं.

घे तुही किल्ली, घे तुहं कुलूप,
मी जाऊन राहिली.
गॅसवर दूध हाय, उतू जाईन—

चक्की तुटली. चार मात्रा. माझं बोट बटणावर, आणि अख्ख्या मांडवात कूलरच्या पंख्याशिवाय काही नाही.

"उतूच गेलं होतं," मैनाबाई म्हणाली.

तिला मोठ्यानं म्हणायचं नसावं. शेजारणीला म्हणाली असेल. पण त्या भोकात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. सगळ्या माना तिकडं वळल्या. आणि मी, ज्यानं आयुष्यात एकही रिकामी जागा सोडली नव्हती, त्यानं बटण दाबलं आणि गाणं तिथंच थांबवून धरलं.

चंदाताईनं तोंडातली टाचणी काढली. "मी सांगतलं होतं नं."

"हाव," मैनाबाई म्हणाली. पदरानं तोंड पुसलं, लोकांकडं पाहिलं आणि जरा चिडूनच म्हणाली, "सांगतलं होतं तुनं दारातून. आमीच नाई उठलो. अख्खी शेगडी भरली. मलेच पुसा लागली."

मागचा खिदळणारा आता चपला शोधायला लागला होता.

"मंग?" चंदाताई मला म्हणाली. "काय पाहून राहिला? लाव पुढचं."